शेवाळ आणि औषधांचे पाणी

आम्ही रसायनशास्त्र शिकलो ते शाळेत नव्हे, कारखान्याच्या फाटकाशी. म्हणून तळ्यातल्या शेवाळाविषयी बोलायचे, तरी सुरुवात कारखान्यापासूनच करतो.

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याचा अभिमान आम्हांस आजही वाटतो. पण औषध होताना गटारातून काय जाते, हे आम्ही युनियनवाल्यांनी पुष्कळ वर्षे विचारलेच नाही. आम्ही पगार आणि बोनस विचारला.

विचारले ते परक्यांनी. हैदराबादजवळ पाटणचेरूस नव्वदएक औषध कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करीत. स्वीडनचे योआकिम लार्सन व त्यांचे सहकारी यांनी ते शुद्ध केलेले पाणी तपासले आणि २००७ साली आकडे छापले. सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत! औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही इतके नसते. असल्या पाण्यात औषधाला दाद न देणारे जंतू पोसले जातात.

आता शेवाळ. क्लोरेला हे एकपेशी शेवाळ डच शास्त्रज्ञ बाइजेरिंक यांनी १८९० साली वेगळे केले. पुढे १९५० नंतर कॅलिफोर्नियात विल्यम ओस्वाल्ड यांनी उथळ तळ्यांत सांडपाणी खेळवले. शेवाळाने उन्हात प्राणवायू सोडावा, तो घेऊन जंतूंनी घाण खावी, आणि जंतूंचा कर्बवायू शेवाळाने घ्यावा, असा हा सहकार. अलीकडे अशाच तळ्यांत टेट्रासायक्लिन घालून पाहिले, तेव्हा ते बरेच कमी झाले. पण श्रेयाची वाटणी नीट व्हावी: मोठा वाटा उन्हाचाच, तेच औषधाचे रेणू तोडते. काही औषध शेवाळाच्या अंगाला चिकटते. इतर काही औषधे शेवाळ पोटात घेऊन मोडतेही. सल्फा जातीची मात्र फार चिवट.

चिकटलेले औषध नाहीसे झाले, असे कोणी म्हणू नये. तेच शेवाळ खत म्हणून शेतात टाकले, तर औषध नाल्यातून शेतात गेले, एवढेच. शिवाय तळ्यांना जागा फार लागते आणि रात्री काम थंडावते. म्हणून औषध कारखान्यातच अडवावे, उरलेसुरले शेवाळाकडे द्यावे, असे आमचे मत आहे.

प्रतिजैविकांची मर्यादा घालणारा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये काढला होता. २०२१ च्या अंतिम नियमांतून ती मर्यादा गळाली. त्याविरुद्ध आमच्या युनियनने एकही फाटकसभा घेतली नाही.