एकोणिसाचं वळण

आमच्या जळगावच्या शाखेत मुंबईहून जे नवे साहेब बदलून आले, त्यांच्या सामानात एक लांबट पिशवी होती आणि तिच्यातून दहाबारा लोखंडी दांड्यांची डोकी बाहेर आली होती. टेम्पोतून ती उतरवताना आमच्या शिपायाचा पहिला तर्क असा, की साहेब भजनी मंडळातले असावेत. मग त्याने एक दांडी उपसून तिचे वजन पाहिले, आणि आदराने विचारले, "साहेब, हे थकबाकी वसुलीसाठी का?"

ते गोल्फचे सामान होते. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या केळीच्या बागा, जिनिंग आणि भरताच्या वांग्यांचे मळे मी डोळे मिटून दाखवू शकतो. गोल्फचे मैदान मात्र मी इकडे पाहिलेले नाही. साहेबांनी आठवडाभर चौकशी केली आणि मग नाइलाजाने ते रविवारी सकाळी मेहरूण तलावाच्या बाजूला एका पडीक तुकड्यावर एकटेच चेंडू मारू लागले. चेंडू शोधायला दोन पोरे ठेवली होती. एकाकडे ती दमून गेली, तेव्हा तिसरा गडी म्हणून मी गेलो. अशा रीतीने वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी माझा या श्रीमंत खेळाशी संबंध आला.

खेळ तसा सोपा आहे. गोट्या खेळताना आम्ही जिला गल म्हणायचो, तशा अठरा गली कित्येक एकरांत पसरून ठेवायच्या आणि एकामागून एक त्यांत चेंडू घालायचा. जो कमीत कमी फटक्यांत घालील तो जिंकला. प्रत्येक होलला किती फटके लागावेत हे आधीच ठरलेले असते. त्या आकड्याला 'पार' म्हणतात. हा शब्द मला फार आवडला. आपल्याकडे लग्न पार पडते, नदी पार होते, आणि मार्चअखेर तर देवाच्या कृपेनेच पार पडते. शिवाय अठरा होल झाल्यावर खेळाडू ज्या बारमध्ये बसतात त्याला 'एकोणिसावे होल' म्हणतात. साहेबांनी हे हसत सांगितले. मी मात्र एकोणीस हा आकडा ऐकून गप्प झालो. त्याचे कारण पुढे येईल.

एप्रिल उजाडला. आमचे ताळेबंद जुळले, आणि साहेब रात्री जागून अमेरिकेतल्या ऑगस्टाची स्पर्धा बघू लागले. ही स्पर्धा 1934 पासून तिथे होते. सकाळी चहाच्या वेळी मला साद्यंत वृत्तान्त मिळे. त्यात एक शब्द सारखा यायचा: 'आमेन कॉर्नर'.

मला वाटले, तिथे कोपऱ्यावर चर्च असेल. तर तसे नाही. त्या मैदानावरची अकरा, बारा आणि तेरा ही तीन होल म्हणजे खेळाडूंचा कर्दनकाळ. समोर ओढा, वर फिरणारा वारा, आणि बारावे होल तर केवळ 155 यार्डांचे. म्हणजे आमच्या शाखेपासून समोरच्या रसवंतीपर्यंत. पार तीनचे. पण 1980 साली टॉम वाइसकॉफसारख्या कसलेल्या खेळाडूने त्या तीनच्या जागी तेरा फटके घेतले. चेंडूमागून चेंडू ओढ्यात. 1958 साली हर्बर्ट वॉरन विंड नावाच्या पत्रकाराने एका क्रीडा साप्ताहिकात या टापूला 'आमेन कॉर्नर' म्हटले. नाव त्याने एका जुन्या जॅझच्या तबकडीवरून उचलले होते. म्हणजे प्रार्थनेशी संबंध आला तो ग्रामोफोनमार्गे.

त्या वर्षी तिथे जे घडले ते मात्र बँकेच्या माणसाने ऐकण्यासारखे आहे. अर्नोल्ड पामरचा चेंडू बाराव्या होलच्या मागे ओल्या मातीत रुतला. पामर म्हणाला, नियमाप्रमाणे मला तो उचलता येईल. पंच म्हणाले, नाही. पामरने खेळ थांबवला नाही. रुतलेला चेंडू तसाच खेळून पाच फटके घेतले, आणि मग परत मागे जाऊन दुसरा चेंडू टाकून तीन फटक्यांत होल संपवले. दोन्ही आकडे लिहून ठेवले. 'पाच की तीन' हे वरचे लोक ठरवतील. याला आमच्यात सस्पेन्स खाते म्हणतात. शिल्लक पाच की तीन याचा पत्ता नसताना गडी पुढच्या होलवर गेला आणि तिथे पारपेक्षा दोन फटके वाचवले. पंधराव्या होलवर निरोप आला: तीन मंजूर. स्पर्धा त्याने एका फटक्याने जिंकली. माझी एक तफावत मुख्य कार्यालयाकडे गेली अकरा महिने मंजुरीसाठी पडून आहे, आणि मला पुढचे व्हाउचरसुद्धा धड लिहिता येत नाही. पामर मोठा माणूस.

मग साहेबांकडून मी अशी नावे गोळाच करू लागलो. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजच्या चौदाव्या होलवर एक वाळूचा खड्डा आहे, त्याचे नाव सरळ 'नरक'. तिथेच सतराव्याला दुसरा खड्डा आहे. 1978 साली जपानच्या नाकाजिमाचा चेंडू हिरवळीवर पोचलेला असताना घरंगळून त्यात पडला आणि बिचाऱ्याचे नऊ फटके झाले. तेव्हापासून लोक त्या वाळूला 'नाकाजिमाची वाळू' म्हणू लागले. आयुष्यभर चांगले खेळावे आणि नाव राहावे ते एका खड्ड्याला! फ्लोरिडात तीन होलांना 'अस्वलाचा सापळा' म्हणतात. जॅक निकलसला लोक 'सोनेरी अस्वल' म्हणत, आणि ते मैदान 1990 च्या सुमारास त्यानेच नव्याने आखले. तिथे अस्वलाचा पुतळाही आहे. मला स्वतःला हे नाव थोडे कमअस्सल वाटते. पुतळा उभारून ठेवलेले नाव आणि नऊ फटके खाऊन मिळालेले नाव यांत फरक हा असायचाच.

एवढे ऐकून झाल्यावर मी साहेबांना म्हटले, "साहेब, आमच्याकडे गोल्फ नाही, पण घाट आहेत."

हिंदुस्थानात गोल्फ आले 1829 मध्ये, कलकत्त्याला. पुढल्याच वर्षी, 1830 मध्ये, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. म्हणजे कठीण टप्प्यांना नावे ठेवण्याच्या धंद्यात आपण आणि साहेबलोक बरोबरीनेच उतरलो. त्या बोरघाटात एक दगडी पूल बांधला होता. कागदोपत्री त्याला काय म्हणत असतील ते असोत, लोकांनी त्याचे नाव 'अमृतांजन' ठेवले, कारण जवळ त्या बामची पाटी लागली होती. बाम निघाला 1893 मध्ये, पूल त्याच्या आधी 63 वर्षांचा. पण वळणे चढून डोके धरलेल्या प्रवाशाला त्या क्षणी इतिहास नको असतो, बाम हवा असतो. 2020 च्या एप्रिलमध्ये रस्ते ओस पडलेले असताना तो पूल सुरुंग लावून पाडला.

आम्ही खानदेशी लोक मुंबईला जाणार ते कसाऱ्याच्या घाटातून. रेल्वे तिथे 1865 पासून आहे आणि चढ 37 ला 1, म्हणजे 37 फूट पुढे गेलात की एक फूट वर. ऐकायला किरकोळ वाटते, पण एका इंजिनाने गाडी चढत नाही. म्हणून परतीच्या वाटेवर कसाऱ्याला मागून ढकलायला जादा इंजिने लावतात. त्या इंजिनांना रेल्वेवाले काय म्हणतात? बँकर! मी बावीस वर्षे बँकेत आहे; मला घरी, दारी, गल्लीत कुणी आजवर बँकर म्हटलेले नाही. 'क्लार्क' म्हणतात. मागे राहून दुसऱ्याला वर ढकलणे आणि इगतपुरी आली की गुपचूप सुटून परत खाली येणे हेच बँकरचे लक्षण असेल, तर हा अर्ज मी कधीही करायला तयार आहे.

धुळ्याला माझी सासुरवाडी. तिथून आग्रा रस्त्याने शिरपूर, पळासनेर ओलांडून सेंधव्याकडे निघालात की बिजासनचा घाट लागतो. नाव देवीचे, देऊळ घाटातच आहे. ट्रकवाले तिथे थांबून हात जोडतात, मग गिअर बदलतात. आमेन कॉर्नरला प्रार्थना तबकडीवरून आली, इथे ब्रेकवरून.

पण मला सांगायचे आहे ते कन्नडच्या घाटाबद्दल.

चाळीसगाव सोडून औरंगाबादकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे, जाताना हा घाट चढावा लागतो. त्याचे दप्तरातले नाव औट्रम घाट. 1986 साली तिथे अभयारण्य केले त्यालाही गौताळा-औट्रमघाट असेच नाव दिले. आमच्या आजोबांची समजूत अशी, की सखाराम, तुकाराम यांच्याच मालिकेत कुणी औटराम नावाचे सत्पुरुष होऊन गेले. त्यांच्या पुण्याईने गाड्या चढतात, असे ते सांगत.

औटराम होऊन गेले हे खरे. सत्पुरुषत्वाबद्दल मतभेद होतील. जेम्स औट्रम 1825 साली खानदेशात आला तेव्हा बावीस वर्षांचा लेफ्टनंट होता. इंग्रजांनी खानदेश 1818 मध्ये घेतला होता, पण डोंगर काही त्यांच्या हाती येत नव्हते. ते भिल्लांचे होते. औट्रमने भिल्लांबरोबर शिकारी केल्या, त्यांच्यात मिसळला, आणि त्यांचीच एक पलटण उभी केली. तिचे ठाणे धरणगावला होते. दहा वर्षे तो इकडे राहिला. पुढे नेपियरने त्याला 'हिंदुस्थानचा बायार्ड' अशी पदवी दिली, म्हणजे फ्रान्सच्या जुन्या शूर सरदारासारखा. आणि मग सिंध प्रांतावरून दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. टोपणनाव देणाऱ्यापासून सावध राहावे. औट्रमचे थडगे लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत आहे आणि घाट इथे.

मला खटकते ते एवढेच, की औट्रमच्या आधीही त्या डोंगरातल्या वाटा होत्याच. तिथे पाय घसरणारी जागा कोणती, वाघ उतरतो ती कोणती, हे भिल्लांना पाठ होते. पाठ होते म्हणजे त्या जागांना नावे असणारच. बिननावाची जागा दुसऱ्याला सांगणार कशी? त्यांतले एकही पाटीवर आले नाही. ड्रायव्हर लोकांनी मात्र औट्रमलाही दाद दिली नाही. ते 'कन्नडचा घाट' म्हणतात आणि मोकळे होतात.

त्या घाटातल्या एका वळणाला आमच्या घरात स्वतंत्र नाव आहे. 1988 चा पावसाळा होता. मी नऊ वर्षांचा, चौथीत. चाळीसगावच्या डॉक्टरांनी चार दिवस ताप पाहिला आणि पाचव्या संध्याकाळी वडिलांना म्हणाले, आत्ताच्या आत्ता औरंगाबादला घाटीत न्या. तिथल्या सरकारी रुग्णालयाला सगळे घाटीच म्हणतात. एसटी निघून गेली होती. वडिलांनी सरकीच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक थांबवला. केबिनमध्ये ड्रायव्हर, क्लीनर, वडील, आई आणि आईच्या मांडीवर मी.

अर्ध्या घाटात पुढचा एक ट्रक बंद पडलेला होता. पाऊस, अंधार, मागेपुढे दिव्यांची रांग. क्लीनर उतरून चाकाला दगड लावून आला. "काय व्हयनं भो?" ड्रायव्हरने विचारले. "पाटा तुटना," तो म्हणाला, आणि कोपऱ्यात डोके टेकून झोपी गेला. माझेही डोळे मिटू लागले. आई सातवी शिकलेली. पोराला झोपू द्यायचे नाही एवढेच तिला डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून समजले होते. खरे तर डॉक्टर तसे काही बोललेच नव्हते, हे वडिलांनी नंतर सांगितले. तिने मला हलवले आणि म्हणाली, "पाढे म्हण."

मी दोनापासून सुरुवात केली. अकरा, बारा, तेरा सरले. आता वाटते, ती तीन होल मी तेव्हाच पार केली होती. सतराला अडखळलो. एकोणीस आला आणि नव्वे काही केल्या आठवेना. "एकोणीस नव्वे?" आई विचारी. मी गप्प. "एकोणीस नव्वे? बोल ना रे!" तिचा आवाज चढत गेला. तिलाही येत नव्हते. वडील जमाखर्च लिहिणारे, त्यांना येत होते; पण ते सांगू गेले तर तिने त्यांचा हात दाबला. शेवटी त्या ड्रायव्हरने स्टिअरिंगवर बोटे मोजत कितीतरी वेळाने एक उत्तर काढले. ते चुकीचे होते. मी म्हणालो, "नाही, एकशे एकाहत्तर." तेव्हा आई रडू लागली.

पहाटे घाटीत पोचलो. विषमज्वर होता. सतरा दिवस राहिलो. ड्रायव्हरचे नाव कुणी विचारले नाही. त्या वळणाला मात्र तेव्हापासून आमच्याकडे 'एकोणिसाचं वळण' म्हणतात. पुढे बहिणीच्या लग्नात पैसे कमी पडले तेव्हा वडील आईला म्हणाले होते, "एकोणिसाच्या वळणावर आलोय गं."

हे सगळे साहेबांना सांगितल्यावर त्यांनी चेंडू खाली ठेवला आणि त्या दिवशी पुढे एकही फटका मारला नाही.

कन्नडच्या घाटात 2021 च्या ऑगस्टअखेर दरडी कोसळून रस्ता बंद झाला होता. 2023 च्या ऑगस्टमध्ये तिथे जड वाहनांना बंदी घातली गेली. गेल्या दिवाळीत मुलाच्या गाडीतून आम्ही त्या वाटेने गेलो. वडील आता नाहीत. आई मागच्या सीटवर डोळे मिटून होती; मला वाटले, झोपली. मुलगा मोबाइलच्या नकाशाकडे बघत गाडी हाकत होता. नकाशात त्या वळणाला काहीच नाव नव्हते. गाडी वळली आणि मागून आवाज आला,

"एकोणीस नव्वे?"

मी काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, "एकशे एकाहत्तर, आजी. दर वेळी काय!"