करंजाचं तेल, बेळगावचं कूळ

हुबळीच्या बी. व्ही. बी. कॉलेजातल्या बनापुरमठ, तेवारी आणि होसमठ यांचा 2008 चा एक शोधनिबंध वाचत होतो. करंज, जट्रोफा आणि तीळ या तीन तेलांपासून केलेलं बायोडिझेल इंजिनात जाळून त्यांनी धूर आणि वायू मोजले होते. त्यात तीळ सरस ठरला. माझी नजर मात्र इंजिनाच्या नावावर थांबली: किर्लोस्कर टीव्ही-1. एक सिलिंडर, पाण्यानं थंड होणारं, 5.2 किलोवॅट, मिनिटाला 1500 फेरे. मग इतर कॉलेजांचे निबंध काढले, तर पुन्हा पुन्हा हेच इंजिन.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात, म्हणजे आम्हा संकेश्वरकरांच्या बाजाराच्या गावी. पुढे लोखंडी नांगर, 1910 ला किर्लोस्करवाडी, 1946 ला पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. माझं म्हणणं असं की, आपल्याकडच्या बायोडिझेल संशोधनाचं कूळ तेलात नाही, या इंजिनात शोधावं.

यावर लोक रुडॉल्फ डिझेलचं नाव पुढे करतात. त्यानं आपलं इंजिन मुळात शेंगतेलासाठीच बनवलं, अशी कथा सांगतात. ती खरी नाही. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगतेलावर इंजिन चालवलं ते ऑटो कंपनीनं, तेही फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून. सरकारचा डोळा आफ्रिकेतल्या वसाहतींच्या शेंगेवर होता. इंजिन खनिज तेलाचंच होतं, त्यात काहीही बदललं नव्हतं, असं खुद्द डिझेलनं 1912 मध्ये सांगितलं. म्हणजे तिथंही इंजिन आधी, तेल मागाहून.

दुसरा आक्षेप असा, की कॉलेजांना चाचणीचा तयार संच याच इंजिनासह मिळतो, म्हणून ते वापरतात. असेल. पण संचासाठी हेच का निवडलं? माझ्या मते, अशी एक सिलिंडरची इंजिनं विहिरींवर, उसाच्या गुऱ्हाळांवर आधीच धडधडत होती, म्हणून.

सगळीकडे हेच इंजिन असल्याचा परिणाम निष्कर्षांवरही होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं 2002 मध्ये मोठ्या ट्रकांच्या इंजिनांचे आकडे एकत्र केले. 20 टक्के बायोडिझेल मिसळलं की काजळीचे कण सुमारे 10 टक्के घटतात, नायट्रोजनचे ऑक्साइड 2 टक्के वाढतात. आपल्याकडच्या निबंधांत मात्र कुठं धूर घटलेला, कुठं वाढलेला. यात तेलाइतकाच इंजिनाच्या यांत्रिक इंधनपंपाचा हात असावा. बायोडिझेल डिझेलपेक्षा कमी दबतं, त्यामुळं अशा पंपातून फवारा थोडा लवकर सुटतो. वर ते घट्ट असल्यानं थेंब जाड पडतात. टीव्ही-1 चा फवारा ठरलेला, दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याच्या 23 अंश आधी, 205 बार दाबानं. तो डिझेलसाठी लावलेला आहे. करंजाला तोच लावला, तर करंजाची परीक्षा डिझेलच्या मापानं होते.

रसायनाची शाखा वेगळी. तेलाची अल्कोहोलशी रासायनिक अदलाबदल होऊन एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, तयार होतं; ही अदलाबदल 1853 पासून माहीत होती. इंधन म्हणून तिचं पेटंट बेल्जियमच्या शावान यांनी 1937 मध्ये घेतलं आणि पुढच्याच वर्षी ब्रुसेल्स-लूव्हेन बस पामतेलाच्या एस्टरवर धावली. त्यांनी वापरलं ते इथेनॉल. आपण मिथेनॉल धरलं, कारण सोबत निघणारं ग्लिसरीन त्यात सहज वेगळं होतं. पण देशाला लागणारं बरंचसं मिथेनॉल बाहेरून येतं, आणि इथेनॉल आमच्या साखरपट्ट्यातल्या मळीतून निघतं. आमच्या हिरण्यकेशी नदीकाठच्या करंजाचं इथेनॉल वापरून इथाइल एस्टर करावं आणि टीव्ही-1 चा फवारा त्याच्या मापानं लावून धूर मोजावा, एवढं मला हवं आहे.