लेसर इरिडोटॉमी

डोळ्यातील रंगीत पडद्याला, म्हणजे परितारिकेला, लेसरने सूक्ष्म छिद्र पाडण्याची प्रक्रिया. एकाएकी उसळणाऱ्या बंदकोनी काचबिंदूवर हा नेमका इलाज आहे.

डोळ्यातला पाणीदार द्रव परितारिकेच्या मागे तयार होतो, बाहुलीतून पुढे येतो आणि परितारिका व स्वच्छमंडल यांच्यामधल्या कोनातून निचरतो. डोळा लहान असेल आणि वयोमानाने भिंग जाड झाले असेल, तर बाहुलीची कड भिंगाला टेकते. मागे द्रव तुंबतो, परितारिका पुढे फुगते, कोन मिटतो. एरवी 10 ते 21 मिमी पाऱ्याइतका असणारा दाब काही तासांत 50-60 च्या घरात जातो. डोळा लालबुंद होतो, दिव्यांभोवती रंगीत वलये दिसतात, डोके ठणकते, उलट्या होतात. या उलट्याच दिशाभूल करतात. पित्त किंवा अर्धशिशी समजून रात्र काढली जाते आणि तेवढ्यात दृष्टीच्या चेतातंतूंची कायमची हानी होऊ शकते.

बर्लिनचे आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ यांनी 1857 मध्ये परितारिकेचा तुकडा कापून हा आजार बरा होतो हे मांडले. गुण येई, पण कारण नीटसे कळले नव्हते. अडथळा बाहुलीपाशी असतो आणि द्रवाला छोटीशी आडवाट पुरते, हे 1920 मध्ये एडवर्ड करन यांनी सांगितले. चाकूऐवजी प्रकाश वापरण्याचे प्रयत्न जर्मनीत गेर्ड मायर-श्विकराट यांनी 1956 मध्ये केले. पुढे आरगॉन आणि 1980 च्या दशकात याग लेसर आले.

झटका आलेल्या डोळ्यावर लगेच लेसर मारता येतोच असे नाही, कारण सुजेने स्वच्छमंडल धुरकट झालेले असते. आधी अ‍ॅसिटाझोलामाइड, गरजेप्रमाणे शिरेतून मॅनिटॉल आणि थेंबांनी दाब उतरवतात. पायलोकार्पिनने बाहुली आकसून परितारिका ताणली जाते. मग डोळा बधिर करून, त्यावर खास भिंग टेकवून काही मिनिटांत काम उरकते. छिद्र असते साधारण 0.2 मिमीचे. नंतर दाब तात्पुरता वाढणे, किंचित रक्त येणे, क्वचित प्रकाशाची रेघ दिसणे असे त्रास होऊ शकतात. म्हणून दाब पुन्हा मोजूनच रुग्णाला घरी सोडतात.

दुसरा डोळाही तपासून घ्यावाच लागतो. उपचार न केल्यास सुमारे निम्म्या रुग्णांना पाच वर्षांत त्या डोळ्यातही झटका येतो, म्हणून तिथेही छिद्र पाडतात.

मात्र कोन नुसता अरुंद असणाऱ्या सरसकट सगळ्यांना लेसर द्यावा का? चीनमधील ग्वांगझू येथे अशा 889 जणांच्या एकाच डोळ्यावर लेसर करून सहा वर्षे पाहणी झाली. आजार पुढे सरकल्याची नोंद लेसर केलेल्या 19, तर न केलेल्या 36 डोळ्यांत झाली. फायदा खरा, पण मुळात धोकाच इतका कमी, की सर्वांना लेसर देण्याची शिफारस संशोधकांनी केली नाही.