राब: फांद्यांच्या राखेवरून पेटलेलं भांडण

मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतला गुलमोहर पडला आणि अख्खा ट्रकमधून कचऱ्यात गेला. तेव्हा मला राब आठवला.

ठाणे-कुलाब्याचे (कुलाबा म्हणजे आजचा रायगड) शेतकरी उन्हाळ्यात ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटायचे. भाताचं बी पेरायच्या जागेवर त्या फांद्या, शेण, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचं. याला म्हणतात राब भाजणं. राखेतून पालाश मिळतं, आचेनं तणाचं बी मरतं. नत्र मात्र बरंचसं धुरात जातं, हेही खरंय.

१८७८ चा वनकायदा आला आणि फांदी छाटायला सरकारची परवानगी लागायला लागली. जंगलखात्याच्या साहेबांना राब म्हणजे नासाडी वाटायची. शेतकऱ्याचं गणित सरळ होतं: राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. एक डिपेन्डन्सी काढली की अख्खा बिल्ड पडतो ना, तसंच! तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला.

मे महिन्यात कर्जत-मुरबाडकडे ट्रेकला गेलात तर शेतात काळे चौकोन दिसतील. तोच राब.