कागजीपुऱ्याचा कागद आणि तिसरा बंध

हर्सूलच्या तलावातले पाणी आणि दौलताबादेहून खुलताबादेस जाताना लागणाऱ्या कागजीपुऱ्यातला कागद, या दोहोंमागे एकच रासायनिक बंध आहे. शालेय पुस्तकातल्या आयनिक आणि सहसंयुज या जोडीत तो बसत नाही. त्याचे नाव हायड्रोजन बंध. पाण्याचा जवळचा नातलग हायड्रोजन सल्फाइड. रेणू जड असूनही तो उणे ६० अंशांनाच वायुरूप होतो. हा बंध नसता, तर हर्सूलला तलावच नसता.

मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस हलवली, तेव्हा कागद करणारे कारागीरही आले, अशी परंपरा आहे. पुढे ‘दौलताबादी’ कागद मराठ्यांच्या दफ्तरांतही पोहोचला. जुनी कृती अशी: चिंध्या चुन्यात मुरवायच्या, कुटायच्या, धुवायच्या, लगदा हौदातल्या पाण्यात कालवून चाळणीवर पातळ थर उचलायचा, दाबून पाणी काढायचे आणि ताव भिंतीवर सुकवायचा. शेवटी खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटाई. खळ असते ती शाई फुटू नये म्हणून. ताव त्याआधीच ताव झालेला असतो.

मग तंतूंना धरून कोण ठेवते? कापूस म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या. कुटल्याने तंतू पिंजतात, त्यांचा पृष्ठभाग वाढतो; आटणारे पाणी त्यांना जवळ ओढते, आणि एका साखळीवरचा हायड्रोजन शेजारच्या साखळीतल्या ऑक्सिजनकडे खेचला जातो. असा एकेक बंध सहसंयुज बंधाच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतका बळकट. मात्र एका तावात त्यांची गणती करणे अशक्य. कागद भिजला की पाणी तंतूंमध्ये शिरून हीच जागा बळकावते. दफ्तरखान्याला ओलीचे भय वाटते ते म्हणूनच.

लॅटिमर आणि रोडबुश यांनी बर्कलीत या बंधाची मांडणी केली ती १९२० मध्ये. त्याची आजची अधिकृत व्याख्या तर २०११ची. ती ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे नेतृत्व बेंगळुरूच्या ई. अरुणन यांनी केले. कागजीपुऱ्यातली कुटाई तोवर कित्येक पिढ्या जुनी झाली होती.

यंत्राच्या कागदाची गोष्ट उलटी. एकोणिसाव्या शतकात लाकडाचा लगदा आणि तुरटी आली, आणि तुरटीबरोबर आम्लता. आम्ल सेल्युलोजची साखळीच, म्हणजे तिच्यातले बळकट सहसंयुज बंधच, तोडते. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र हात लावताच तुकडे होऊन पडते, आणि चिंध्यांच्या कागदावरचा अठराव्या शतकातला मोडी रुमाल, कोरडा राहिला असेल तर, आजही पानापानाने उलगडता येतो.