शाळेत येणाऱ्या वाटा

स्मरणिका समितीने मला जव्हार-मोखाड्याचे डोंगर, जंगल आणि धबधबे यांवर लिहायला सांगितले. भटकंतीची हौस आपल्या बॅचमध्ये मलाच जास्त, म्हणून असेल. पण लिहायला बसलो तेव्हा दाभोसा, काळमांडवी मागे राहिले आणि आधी आठवली ती एक चाळीस पानी वही.

आपण नववीत होतो. इतिहासाच्या सरांनी गृहपाठ दिला होता, "तुम्ही ज्या वाटेने शाळेत येता, त्या वाटेचा इतिहास लिहून आणा." माझे घर गावात, वाट बाजारपेठेतून सात मिनिटांची. मी राजवाडा आणि मुकणे घराणे यांवर पुस्तकातली चार वाक्ये उतरवून अर्धे पान भरले. नदीपलीकडच्या पाड्यावरून रोज दोन तास चालत येणाऱ्या आपल्या एका वर्गमित्राने मात्र अकरा पाने लिहिली. वाटेतल्या प्रत्येक वळणाला, ओहोळाला, मोठ्या झाडाला त्याच्याकडे नाव होते. सरांनी ती पाने वर्गात वाचली. त्यातले वारली शब्द ऐकून वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने हसणाऱ्यांत मी होतो.

आज इतक्या वर्षांनी म्हणावेसे वाटते की त्या दिवशी वर्गातला खरा इतिहास त्याच्याच वहीत होता.

आपण शिकलो ती जव्हारची सुरुवात आठवा. जयबा मुकण्यांनी इथल्या वारली नायकाकडे बैलाच्या कातड्याएवढी जागा मागितली, मग कातड्याच्या बारीक वाद्या काढून केवढा तरी मुलूख वेढला. नायकाला पुढे गंभीरगडाकडचा भाग मिळाल्याचेही सांगतात. ही गोष्ट आपण राजाच्या चातुर्याची म्हणून पाठ केली. ज्याची जागा गेली त्याच्या बाजूने ती कशी दिसते, हे आपल्याला कोणी विचारले नाही. पुढे जयबांचे पुत्र नेमशाह यांना दिल्लीच्या सुलतानाने राजा हा किताब दिला तो ५ जून १३४३ रोजी. या दिवसापासून जव्हारची स्वतंत्र कालगणना सुरू झाली आणि एकोणिसाव्या शतकातही संस्थानच्या कागदपत्रांवर ती वापरात होती.

एवढ्या आडबाजूच्या डोंगरात राज्य उभे राहिले आणि टिकले, त्याचे कारण इथल्या वाटांत आहे. एका बाजूला डहाणूकडची किनारपट्टी, दुसऱ्या बाजूला त्र्यंबक-नाशिकचा घाटमाथा. मध्ये जव्हार आणि मोखाडा. वर जायचे किंवा खाली उतरायचे, तर याच मुलखातून. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर गेले, तेव्हा ते जव्हारवरून गेले आणि राजे विक्रमशाह यांनी त्यांचे स्वागत केले, अशी आपल्याकडची परंपरा आहे. महाराजांनी त्या वेळी राजांच्या पगडीत शिरपेच खोवला, म्हणून त्या माळाचे नाव शिरपामाळ. आपल्या सहली तिथे जात आणि आपण डबे खाऊन परत येत असू. पण आठच वर्षांनी, १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतले आणि त्याच विक्रमशाहांना राज्य सोडून जावे लागले. पाहुण्याला उपयोगी पडलेली वाट फौजेलाही उपयोगी पडते, एवढे या दोन घटना शेजारी ठेवल्या की कळते.

झापजवळच्या भूपतगडावर उभे राहिले की हे डोळ्यांना दिसते. वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी, खाली पिंजाळचे खोरे. पहारेकऱ्याला वाट दिसावी आणि प्यायला पाणी मिळावे, गडाची जागा निवडायला एवढे पुरेसे होते.

राजे आणि फौजा क्वचित आल्या. रोजचे चालणारे वेगळे होते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकला निघणाऱ्या दिंड्या, डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन बाजाराला येणाऱ्या बाया, झोळीत आजारी माणूस घालून दवाखाना गाठणारे चौघे. दिवाळीनंतर वरई-नाचणी घरात आली की वीटभट्ट्यांकडे निघणारी कुटुंबे. ती होळीला परत येत आणि पुन्हा जात. आपल्या वर्गातले काही बाक दिवाळीनंतर रिकामे होत ते यामुळे. आपण समजत होतो, ही मुले अभ्यासाला कंटाळली.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेवरही निवडून गेले. डांबरी रस्ते झाले, एसटी आली, पण पुष्कळ पाडे पायवाटेवरच राहिले. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची बातमी देशभर गेली. आपण तेव्हा शाळा सोडून तीन-चार वर्षे झाली होती. मी मुंबईत लोकलमध्ये ती बातमी वाचली. भूक हे त्या मृत्यूंचे कारण होतेच. पण आजारी मूल घेऊन दवाखान्यापर्यंत किती चालावे लागते, हेही होते. त्या दिवशी मला ती अकरा पाने पुन्हा आठवली.

आता एक कबुली. नववीत मी मॉनिटर होतो. त्या जुलैत नदीला पूर आला आणि आपला तो मित्र नऊ दिवस आला नाही. हजेरीच्या वेळी बाईंनी विचारले तेव्हा मी उभा राहून म्हणालो, "बाई, त्याचं नेहमीचंच आहे." पुराचे मला माहीत होते, कारण वहीत त्याने लिहिले होते की एका ठिकाणी पाणी कमरेच्या वर गेले की वाट बंद. तो दहावीला बसला नाही. माझ्या एका वाक्यामुळे तसे झाले असेल असे नाही. पण ते वाक्य माझेच होते.

गेल्या पावसाळ्यानंतर मी त्याच्या पाड्यावर गेलो. त्याने चहा केला आणि हजेरीची गोष्ट काढल्यावर एवढेच म्हणाला, "मला नाही आठवत. वही आहे का रे सरांकडे?" मग आम्ही चालायला निघालो. त्याची वाट आता शहरातून येणारे ट्रेकर वापरतात. तो शनिवार-रविवारी त्यांना घेऊन जातो. घसरडा खडक कुठला, कुठे पाण्यात उतरायचे नाही, हे तो आधी सांगतो. जुलै २०२० मध्ये काळमांडवीत जव्हारचेच पाच तरुण बुडाले, ही गोष्ट तो प्रत्येक गटाला थांबवून सांगतो. फोटोसाठी कडेला जाणाऱ्याला हाताला धरून मागे आणतो.

चालताना मी त्याला वळणांची नावे विचारली. काही त्याला आठवली, काही नाही. "आई होती तोवर सगळी होती," तो म्हणाला. आठवली तेवढी सतरा नावे मी लिहून घेतली आहेत.

मित्रहो, संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी आपण काळमांडवीला जाणार आहोत. वाट तोच दाखवणार आहे आणि त्याचे ठरलेले मानधन समितीने आधीच द्यावे, अशी माझी विनंती आहे. नेलेले प्लास्टिक परत आणा, पाण्यात उतरू नका. जमले तर प्रत्येकाने आपापल्या जुन्या वाटेवरचे एक नाव आठवून या. सर आता थकले आहेत, पण त्या दिवशी येणार आहेत. आपला गृहपाठ तपासायचा राहिला आहे.