खडकातील खळगे व घर्षणखाचा, सांगनकल्लू

उघड्या मूळ खडकावर धान्य वाटल्याने किंवा दगडी हत्यारे घासल्याने पडलेले खळगे व खाचा. कर्नाटकातील बळ्ळारीजवळच्या सांगनकल्लू–कुपगल टेकड्या हे त्यांचे महत्त्वाचे क्षेत्र होय. येथील खळगे व खाचा मुख्यतः दक्षिण भारतीय नवाश्मयुगातील असून त्या युगाचा काळ साधारणतः इ. स. पू. ३००० ते १२०० मानतात.

येथील हिरेगुड्डा टेकडीवर डोलेराइट या कठीण खडकाच्या कुऱ्हाडी घडवीत. दगडाचे छिलके काढून व टोचून आकार दिल्यावर कुऱ्हाड ग्रॅनाइटच्या खडकावर घासत. ती पुढेमागे फिरवल्याने लांबट, मध्यभागी खोल व हाताला गुळगुळीत लागणारी खाच तयार होई. धान्य वाटण्याचे खळगे त्यामानाने रुंद व पसरट असतात.

उघड्या खडकावर मातीचे थर नसल्याने खाचांचा थेट कालनिर्णय अवघड असतो. त्यासाठी शेजारच्या थरांतील छिलके, अर्धवट कुऱ्हाडी, खापरे आणि कुळीथ, मूग व बारीक तृणधान्यांचे जळके दाणे यांचा आधार घेतात.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे बें. सुब्बाराव यांनी येथे उत्खनन केले. त्यांचा बळ्ळारीच्या अश्मयुगीन संस्कृतींवरील ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रॅनाइटच्या खाणकामामुळे या परिसरातील अवशेषांची हानी झाली असून उरलेल्या खाचांची नोंद व संरक्षण तातडीने होणे आवश्यक आहे.